निविदेतील स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

सरकारी निविदा निघाली की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: सर्वांत कमी दर कोणाचा? चादरी असोत, गणवेश असोत वा चहापत्ती, ज्याचा दर कमी त्याला काम. तो दर कशातून कमी झाला, नफ्यातून की विणणाऱ्याच्या मजुरीतून, याची चौकशी सहसा होत नाही. युरोपात मात्र हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. त्या निकालातून आपल्या लहान कारखानदारांनाही शिकण्यासारखे आहे, असे आम्हाला वाटते.

नेदरलँड्समधील नॉर्थ हॉलंड प्रांताने २००८ साली कॉफीची यंत्रे पुरविण्यासाठी व चालविण्यासाठी निविदा काढली. त्यात कॉफी व चहासाठी 'मॅक्स हॅवेलार' आणि 'एको' या शिक्क्यांचा उल्लेख होता. पहिला शिक्का उत्पादकाला रास्त भाव मिळाल्याचा, दुसरा सेंद्रिय शेतीचा. 'मॅक्स हॅवेलार' हे १८६० च्या एका डच कादंबरीचे नाव. डच अमलाखाली जावा बेटावरील शेतकऱ्यांची जी पिळवणूक झाली, तिचे चित्रण त्यात आहे. ते शेतकरी बहुतांशी मुसलमानच होते. त्याच नावाचा शिक्का १९८८ साली डचांच्या देशात सुरू झाला.

युरोपीय आयोगाने या निविदेविरुद्ध दावा केला. १० मे २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. प्रांताचे चुकले, असे न्यायालयाने ठरविले; पण चूक रास्त भावाची अपेक्षा धरण्यात नव्हती. माल कोणत्या व्यवहारातून आला हे पाहून गुण देण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. ठरावीक शिक्क्याचे नाव घालायचे, त्यामागील अटी सांगायच्या नाहीत आणि इतर पुरावा चालेल असेही म्हणायचे नाही, हे गैर ठरले. त्या अटी तरी काय होत्या? भावात उत्पादनाचा सर्व खर्च निघावा, बाजारभावापेक्षा काही अधिक मिळावे, उत्पादनासाठी आगाऊ रक्कम मिळावी आणि खरेदीचे संबंध दीर्घकाळ टिकावेत.

पुढे २०१४ च्या युरोपीय निर्देशाने काही अटींवर शिक्का मागण्यास मुभा दिली. मात्र तुल्य शिक्का स्वीकारलाच पाहिजे. आणि स्वतःचा दोष नसताना मुदतीत शिक्का मिळू शकला नाही, तर पुरवठादाराचा अन्य पुरावाही पाहिला पाहिजे, असे बंधन घातले. लहान उत्पादकासाठी ही तरतूद मोलाची आहे. शिक्का मिळविण्यास पैसा लागतो. प्रामाणिक माणसाजवळ तो असतोच असे नाही.

आपल्याकडे काय आहे? २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २० टक्के खरेदी ठरली; २०१८ मध्ये ती २५ टक्के झाली. ही सवलत चांगली आहे. पण लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर त्याला पुरवठ्याचा वाटा मिळतो तो दर खाली आणल्यावरच. म्हणजे दार उघडले, तरी भाव दुसऱ्यानेच ठरविलेला. कारागिराला पुरी मजुरी देणारा येथेही मागेच पडतो.

यावर उपाय अवघड नाही. मजुरी किती, ती केव्हा दिली जाते, कच्च्या मालासाठी उचल मिळते का, हे प्रश्न निविदेतच स्पष्ट लिहावेत व त्यांना गुण ठेवावेत. आमच्या व्यापारी बांधवांनीही हजेरीपट व मजुरीचा हिशेब चोख ठेवावा. उद्या तोच त्यांचा पुरावा ठरेल.

आणि सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या संस्थांकडेही पाहू या. मदरसे, शाळा, रुग्णालये यांचे विश्वस्तही दरपत्रके मागवितात आणि सर्वांत स्वस्त तेच निवडतात. मापात मारणाऱ्यांना कुरआनने सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिला आहे. कष्टकऱ्याच्या मजुरीत केलेली काटछाट हेही खोटे मापच नव्हे काय? पुढचे दरपत्रक उघडताना एवढा एक प्रश्न विश्वस्तांनी जरूर विचारावा.