तात्पुरतं घर, लांबलेला मुक्काम

१९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडातून परागंदा झालेल्या लोकांना संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था (यूएनएचसीआर) ताडपत्र्या देत असे. तंबूच्या सांगाड्याचं लाकूड मात्र ज्याचं त्याने तोडून आणायचं. लाखो माणसांना लाकूड हवं होतं, त्यामुळे आसपासची टेकाडं बोडकी होऊ लागली. मग संस्थेने ॲल्युमिनियमचे खांब वाटले. लोकांनी ते बाजारात विकले आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. घरात अन्नाची चणचण असताना विकाऊ धातू तंबूत कोण ठेवील?

जपानचे वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी इथे कागदी नळ्या सुचवल्या. कापडाच्या ताग्यात असते तशीच, पण जास्त जाड आणि मजबूत नळी. ती स्वस्त असते आणि विकायला गेलं तर तिला फारशी किंमत येत नाही. १९९९ मध्ये रवांडातल्याच ब्युम्बा छावणीत अशा नळ्यांवर पन्नासेक निवारे उभे राहिले. त्याआधी १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा युद्धामुळे देश सोडून आलेले व्हिएतनामी दुसऱ्यांदा बेघर झाले होते. बान यांनी त्यांच्यासाठी बिअरच्या क्रेटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून पाया केला आणि त्यावर कागदी नळ्यांच्या भिंती उभ्या केल्या.

बान यांचं मोठेपण मला कागदाच्या कल्पकतेत दिसत नाही. हातात आलेल्या वस्तूचं माणूस पुढे काय करील, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. निर्वासितांच्या घरांबाबत तो क्वचितच विचारला जातो. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं युद्ध, हिंसा आणि छळामुळे विस्थापित होती. त्यांतल्या असंख्यांचा ‘तात्पुरता’ मुक्काम वर्षानुवर्षं लांबला आहे.

आयकिया फाउंडेशनच्या पैशांतून स्वीडनमध्ये तयार झालेलं ‘बेटर शेल्टर’ हे या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं घर. सुट्या भागांची खोकी येतात, चार माणसं पाच-सहा तासांत ती जोडतात आणि साडेसतरा चौरस मीटरची खोली तयार होते. पोलादी सांगाडा, प्लास्टिकचे तक्ते, कुलूप लागणारं दार आणि सौरदिवा एवढं त्यात असतं. ताडपत्रीच्या तंबूत रात्र काढणाऱ्या बाईला आतून कडी लावता येणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जानेवारी २०१७ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने या घराला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. पण त्याच्या वर्षभर आधी, आगीच्या चाचण्यांनंतर, झुरिक शहराने ही घरं वापरण्याचा बेत रद्द केला होता. पुढे त्यांच्या रचनेत सुधारणा झाल्या.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवते ती जॉर्डनमधली झातारी छावणी. सीरियाच्या सीमेपासून जेमतेम बारा किलोमीटरवर, वाळवंटी माळावर, ती जुलै २०१२ मध्ये उघडली. वर्षभरातच तिथे लाखाहून अधिक माणसं आली आणि नंतर अनेक वर्षं ही संख्या ८० हजारांच्या आसपास राहिली. तंबू गेले आणि ‘कॅरव्हॅन’ आल्या, म्हणजे पत्र्याच्या तयार खोल्या. यंत्रणेने त्या सरळ रांगांत मांडल्या होत्या. पण सीरियातल्या दराआ परिसरातून आलेल्या कुटुंबांना भावाशेजारी, आईशेजारी राहायचं होतं. लोकांनी जुन्या लोखंडाच्या गाड्या बनवल्या आणि अख्ख्या खोल्या ढकलत हलवल्या. दोन-तीन खोल्या काटकोनात लावून मध्ये अंगण केलं, काहींनी तिथे छोटी कारंजीही केली. खोल्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. मुख्य रस्त्यावर दुकानांची रांग लागली, त्यात भाज्या होत्या, लग्नाचे पोशाख होते, मोबाइल दुरुस्ती होती. पक्कं बांधकाम करायला परवानगी नव्हती, म्हणून जे हलवता येईल त्यातूनच लोकांनी मोहल्ला रचला.

यातून धडा घेऊन एप्रिल २०१४ मध्ये जॉर्डनमध्येच अझराक छावणी उघडली. ती आखीव, शिस्तशीर आणि पत्र्याच्या एकसारख्या घरांची होती. लाखाहून जास्त माणसांसाठी आखलेल्या या वसाहतीत प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही राहिली नाहीत. सुरुवातीची काही वर्षं घरांत वीजही नव्हती. मे २०१७ मध्ये तिथे दोन मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झातारीत १२.९ मेगावॉटचा. त्यामुळे झातारीतली वीज दिवसाला बारा-चौदा तासांपर्यंत गेली. वाळवंटात तापलेल्या पत्र्याखाली पंखा आणि फ्रिज चालणं ही चैन नव्हे. शाश्वत घर म्हणताना आपण भिंतीचं सामान मोजतो. वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय त्याच हिशेबात धरायला हवी.

महाराष्ट्राने निर्वासितांची अशी वसाहत जवळून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. १९४३ पासून त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या बराकींत राहिले. तिथे शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत. ते गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं तिथे आली. आज कापडाच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. एका युद्धातल्या विस्थापितांसाठी उभारलेली वसाहत पुढच्या विस्थापितांच्या कामी आली.

युक्रेनमध्ये मात्र कंटेनरच्या घरांचा अनुभव संमिश्र आहे. २०१४ च्या लढाईनंतर जर्मनीच्या मदतीने खारकिव्ह, झापोरिझ्झिया आणि इतर शहरांत अशा वसाहती थोड्या वर्षांसाठी उभारल्या. २०२२ चं मोठं आक्रमण सुरू झालं तेव्हाही काही कुटुंबं तिथेच होती. हिवाळ्यात या पातळ भिंतींच्या खोल्या विजेवर उबदार ठेवणं महाग पडतं. त्याच वर्षी पोलंडमधल्या हेल्म शहरातल्या एका बंद सुपरमार्केटमध्ये बान यांच्या कागदी नळ्यांवर पडदे लावून युक्रेनी कुटुंबांसाठी आडोसे केले गेले. सीमा ओलांडून आलेल्या बाईला पहिल्या काही रात्रींसाठी तेवढंच पुरेसं होतं.

त्यानंतरच्या महिन्यांसाठी मला ‘को-हाती’ या युक्रेनी उपक्रमाचं काम जास्त पटतं. इव्हानो-फ्रांकिव्हस्कमध्ये वास्तुरचनाकारांनी आणि स्वयंसेवकांनी मार्च २०२२ मध्ये विद्यापीठाचं पडीक वसतिगृह हाती घेतलं. भिंती, जिने आणि नळांच्या वाहिन्या तिथे होत्याच. त्यांनी खोल्या दुरुस्त केल्या, पलंग स्वतः घडवले, सामायिक स्वयंपाकघर केलं आणि कुटुंबं राहायला आली. जिथे रिकाम्या इमारती आहेत, तिथे निधीचा पहिला हप्ता त्यांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा आणि नवे कंटेनर त्यानंतर मागवावेत.