अल्पायुषी मंडळ्यांचें ऋण

गेल्या गौरी-गणपतींत आमच्या बुलढाण्याच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. आरती झाली, प्रसाद वांटला गेला, आणि सर्व मंडळी माजघरांत बसली असतां धाकट्या पुतणीनें हळूच जाहीर केलें कीं, ती व तिच्या तीन मैत्रिणी मिळून एक 'बँड' काढणार आहेत आणि त्यांत एकहि मुलगा असणार नाहीं. एक गिटार वाजविणार, दुसरी बेस, तिसरी ड्रम, आणि गाणार ती स्वतः. 'कोणत्या प्रकारचें गाणें ग?' असें तिच्या आजीनें विचारलें. 'रॉकबिली आणि पंक यांचें मिश्रण,' असें उत्तर आलें. आजींना त्यांतला एकहि शब्द कळला नाहीं. परंतु ज्या अर्थीं आमचे वडीलबंधु अडकित्ता खालीं ठेवून उठून गेले, त्या अर्थीं कांहीं तरी अनिष्ट घडत आहे, एवढें त्या समजल्या.

मुलींनीं गाऊं नये असें आमच्या घरांत कोणीहि म्हणत नाहीं. घरांतल्या सर्व मुली पेटीवर बसल्या आहेत व गायनाच्या परीक्षा देऊन आल्या आहेत. दुसऱ्या दिवशीं वडीलबंधूंनीं जे आक्षेप सांगितले ते दोनच होते. पहिला असा कीं, घरांत गाणें शोभतें, परंतु तिकीट लावून परक्या लोकांपुढें उभें राहणें ही निराळी गोष्ट. दुसरा असा कीं, असलीं मंडळें दोन-चार वर्षांत मोडतात. मग पदरांत काय उरतें? आक्षेप प्रामाणिक होते व ते पुष्कळ घरांतून घेतले जातात. म्हणून त्यांचा थोडा विस्तारानें विचार करावा असें वाटलें.

प्रथम त्या परक्या शब्दांविषयीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील खेडवळ गोऱ्या लोकांचें तंतुवाद्यावरचें गाणें आणि तेथल्याच कृष्णवर्णीय लोकांचें ठेकेदार गाणें यांच्या संकरांतून १९५० नंतरच्या दशकांत जें उसळतें संगीत जन्मास आलें तें रॉकबिली. एल्व्हिस प्रेस्ली यानें १९५४ सालीं मेम्फिस येथील 'सन' कंपनीसाठीं म्हटलेलीं गाणीं हा त्याचा ठळक आरंभ मानतात. पंक हें त्याच्या वीसएक वर्षें नंतरचें. १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथील तरुणांनीं 'तीन स्वरमेळ येत असले तरी पुरे, पण बोलायचें तें मोठ्यानें बोला,' अशा बाण्यानें तें सुरू केलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें 'द स्लिट्स' या नांवाचा केवळ मुलींचा वाद्यवृंद निघाला. त्यांना वाजवितां येत नाहीं अशी टीका झाली, तरी १९७९ त त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली, आणि पुढें दोन-तीन वर्षांत वृंद मोडला. म्हणजे आयुष्य सारें पांच-सहा वर्षांचें. येथपर्यंत वडीलबंधूंचा दुसरा आक्षेप अक्षरशः खरा आहे.

परंतु आमच्या वडिलांच्या कपाटांत ज्या जुन्या तबकड्या अजून जपून ठेवल्या आहेत, त्यांत सर्वांत झिजलेल्या तबकड्या हिराबाई बडोदेकर यांच्या आहेत. आणि ज्या गोष्टीबद्दल आमच्या घरांत वाद पेटला तीच गोष्ट हिराबाईंनीं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं, भर पुण्यांत, केली होती. ही हकीकत ठाऊक असूनहि आपण ती सोयीस्करपणें विसरतों.

हिराबाईंचा जन्म १९०५ सालीं मिरजेस झाला. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीमखां हे त्यांचे वडील, व बडोद्याच्या ताराबाई माने या मातोश्री. पुढें ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या. पदरीं पांच मुलें आणि जवळ धन म्हणाल तर गळ्यांतलें. थोरले सुरेशबाबू व हिराबाई, आणि त्यांच्या मागून कृष्णराव, कमलाबाई व सरस्वतीबाई. सुरेशबाबूंची व वहीदखांसाहेबांची तालीम हिराबाईंना मिळाली. तो काळ असा कीं, स्त्रीचें गाणें ऐकावयाचें तें एक तर देवघरांत, नाहीं तर ज्या माडीवर जाण्याचा उच्चार सभ्य घरांत होत नसे तेथें. या दोहोंच्या मध्यें जागाच नव्हती. हिराबाईंनीं ती जागा केली. साधें पातळ, डोक्यावरून घेतलेला पदर, हातवारे नाहींत, नखरे नाहींत. आणि समोर तिकीट काढून आलेला श्रोतृवर्ग. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. जलशास जाणाऱ्या गृहस्थांनीं हळूहळू आपल्या बायकांनाहि बरोबर नेण्यास आरंभ केला, यांत हिराबाईंच्या गळ्याइतकाच त्यांच्या त्या पदराचाहि वांटा होता.

जलशापर्यंत लोकांनीं मान डोलविली. परंतु १९२९ त या कुटुंबानें आपल्या 'नूतन संगीत विद्यालया'ची नाट्यशाखा काढली, तेव्हां प्रश्न निराळा झाला. त्या वेळच्या रंगभूमीचा चमत्कार पाहा. १८८० त किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून पन्नास वर्षें शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या सर्व पुरुषांनींच रंगविल्या होत्या. भाऊराव कोल्हटकर गेले, बालगंधर्व आले. बालगंधर्वांचें लुगडें नेसणें व अंबाडा घालणें पाहून घरोघरच्या स्त्रिया आपलें नेसणें सुधारूं लागल्या. पुरुषानें दाखविलेलें स्त्रीत्व आदर्श ठरलें. परंतु तेंच स्त्रीनें दाखविलें तर तें भ्रष्टाचरण! केवळ स्त्रियांच्याच नाटकमंडळ्या पूर्वीं निघाल्या होत्या व त्यांत पुरुषांच्या भूमिकाहि बायकाच करीत. परंतु सुशिक्षित समाजानें त्यांच्याकडे एक तमाशा म्हणून पाहिलें, कला म्हणून नव्हे. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनीं १९१३ त फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूक चित्रपटांत काम केलें, तेव्हांहि लोकांनीं कौतुकापेक्षां नांवेंच अधिक ठेवलीं.

अशा हवेंत हिराबाई स्वतः सुभद्रा होऊन उभ्या राहिल्या. धाकट्या बहिणी कमलाबाई व सरस्वतीबाई बरोबर होत्या, सुरेशबाबू संगीत पाहत, आणि ताराबाई पडद्याआड सर्वांचा संसार सांभाळीत. 'सौभद्रा'सारखीं जुनीं नाटकें त्यांनीं केलीं, तशीं 'साध्वी मीराबाई'सारखीं नवींहि केलीं. गाण्याविषयीं कोणाला शंका नव्हतीच. स्त्रीची भूमिका स्त्रीनेंच करावी, आणि ती करतांना प्रेक्षकांतल्या आईबहिणीला मान खालीं घालावी लागूं नये, एवढाच पण त्यांनीं मांडला होता.

नाटकमंडळी चालविणें हें काय प्रकरण असे याची आजच्या पिढीस कल्पना नाहीं. पन्नास-पाऊणशे माणसांचें तें फिरतें एकत्र कुटुंबच. नट, ऑर्गनवाला, तबलजी, सारंगिये, पडदे ओढणारे, कपडेवाले, आचारी, पाणक्या. सर्वांचें जेवण एका पंगतीस, आणि नाटक असो वा नसो, चूल दोन्ही वेळां पेटलीच पाहिजे. पडदे, पोषाख व ट्रंका रेल्वेच्या डब्यांत भरून एका गांवाहून दुसऱ्या गांवास जावयाचें. पावसानें मुक्काम लांबला किंवा मुख्य नटीचा गळा बसला कीं सावकाराच्या दारीं. कंपन्यांचे हे दौरे आमच्या वऱ्हाडच्या लोकांना चांगले परिचित होते. खामगांवास १८७० त रेल्वेचा फांटा आला व कापसाचा बाजार मोठा झाला, तेव्हांपासून हंगाम संपून लोकांच्या हातीं पैसा खुळखुळूं लागला कीं खामगांव, अकोला, अमरावती या गांवीं नाटकवाल्यांचे तळ पडत. कापूस विकला कीं नाटक पाहावयाचें, ही वऱ्हाडची रीतच होती.

आणि नेमका येथेंच दैवानें घाव घातला. नाट्यशाखा निघाली त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतला शेअरबाजार कोसळला; त्याच्या मागोमाग जगभर मंदी आली व कापसाचा भाव इतका उतरला कीं, वेंचणीची मजुरीहि सुटेना. ज्याच्या घरीं सावकाराचा तगादा बसला आहे तो नाटकाचें तिकीट कोठून काढणार? त्यांतच १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस 'आलमआरा' हा बोलपट लागला, व पुढच्याच वर्षीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. थोड्या पैशांत गाणें, देखावा व नट सर्व कांहीं मिळूं लागल्यावर पाऊणशे माणसांची चूल कशी टिकावी? बालगंधर्वांची कंपनी जेथें डगमगली तेथें या नवख्या मंडळीची काय कथा! चार-पांच वर्षांतच नाट्यशाखा बंद पडली, आणि मागें राहिलें तें कर्ज.

तें कर्ज हिराबाईंनीं गाऊन फेडलें. रात्रीमागून रात्री, गांवामागून गांव, जलसे करून त्यांनीं देणेकऱ्यांचा पैसा चुकता केला. लग्नसराई म्हटली नाहीं, प्रकृति म्हटली नाहीं. स्त्रीच्या हातीं कारभार गेला कीं बुडवाबुडवी होते, असें म्हणणारांना याहून सणसणीत उत्तर तें कोणतें?

आतां वडीलबंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. 'मोडल्यावर उरलें काय?' १९३३ सालींच मुंबईस नाट्यमन्वंतर मंडळीनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक लावलें व त्यांत ज्योत्स्नाबाई भोळे यांनीं भूमिका केली. त्या नाटकाचें सुशिक्षितांनीं स्वागत केलें. नवल असें कीं, नाट्यमन्वंतरहि अल्पायुषीच ठरलें. परंतु त्यानंतर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं करणें हीच हळूहळू रूढि झाली. ज्यांनीं वाट पाडली त्यांच्या पायांत कांटे मोडले, आणि मागून येणारांना रस्ता मिळाला.

दुसरी गोष्ट याहून आपल्या घराजवळची आहे. पुण्याच्या एका सुशिक्षित शिक्षक दांपत्याची कन्या सुरेशबाबूंकडे व हिराबाईंकडे गाणें शिकली. तिनें विज्ञानाची व कायद्याची पदवी घेतली, आणि तरीहि गाणें हाच जन्माचा व्यवसाय केला. त्या डॉ. प्रभा अत्रे. १९५३ त सुरेशबाबू गेले. प्रभाताईंनीं तें घराणें सातासमुद्रांपार नेलें, २०२२ त त्यांना पद्मविभूषण मिळालें, आणि २०२४ च्या जानेवारींत त्या निवर्तल्या. हिराबाईंना स्वतःला १९६५ त संगीत नाटक अकादमीचा सन्मान व १९७० त पद्मभूषण मिळालें. १९८९ त त्या गेल्या तेव्हां ज्या घरांत त्यांचें नांव पूर्वीं दबकत घेत, त्याच घरांत त्यांच्या तबकड्या देव्हाऱ्यासारख्या जपल्या जात होत्या. मंडळी चार-पांच वर्षांतच मोडली. तिनें केलेलें काम मोडलें नाहीं.

सर्वच अल्पायुषी मंडळ्यांचें असें होतें, असें मात्र नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत श्रीनगरला शाळेंत शिकणाऱ्या तीन मुलींनीं 'प्रगाश' म्हणजे 'प्रकाश' या नांवाचा वाद्यवृंद घेऊन एका स्पर्धेंत पारितोषिक मिळविलें. लगेच त्यांच्यावर शिव्याशापांचा व धमक्यांचा वर्षाव झाला, एका मोठ्या धर्माधिकाऱ्यानें गाण्याविरुद्ध फतवा काढला, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत मुलींनीं वाद्यें खालीं ठेवलीं. ही हकीकत वाचून आपल्यापैकीं कित्येक जण दुसऱ्याच्या धर्माला नांवें ठेवून मोकळे झाले असतील. त्यांनीं थोडें आपल्या माजघरांतहि पाहावें. आपल्याकडे फतवा कागदावर निघत नसे, इतकाच काय तो फरक. अडकित्ता खालीं ठेवून उठून गेलें कीं तेंच काम होतें.

हिराबाईंची मंडळी मंदीनें व बोलपटानें बुडाली. काळाशीं झुंजून हरण्यांत अप्रतिष्ठा नाहीं. हरणाराला पुन्हां गातां येतें. परंतु जी मंडळी घरच्यांच्या मौनानें बुडते ती मागें कांहींच ठेवीत नाहीं, एक दबलेला उसासा मात्र ठेवते. आपल्या घरांतून असे किती उसासे गेलीं शंभर वर्षें फडताळांत पडून आहेत, याचा हिशेब कोणी मांडावा?

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीं मीं हें सर्व वडीलबंधूंना सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. उठून त्यांनीं वडिलांची एक तबकडी लावली, डोळे मिटून पुरी ऐकली, आणि मग पुतणीला हांक मारली. 'तालीम कोठें करणार?' तिला उत्तर देतां येईना. 'मागची सरकीची कोठी रिकामीच आहे. भिंतींना गोणपाट लावून घ्या. शेजारीं म्हातारीं माणसें आहेत, त्यांची झोप मोडतां कामा नये. आणि पहिल्या दिवसापासून जमाखर्चाची वही ठेवा. बुडालांत तर हरकत नाहीं. पण दुसऱ्याचा पैसा बुडवूं नका.'

आजींनीं एवढेंच विचारलें कीं, त्या ड्रमवालीला आमची पुरणपोळी चालेल ना.