सळईखालचे दोन सेंटिमीटर

पुढे वाचण्यापूर्वी एकदा मान वर करून वर्गाच्या छताकडे पाहा. इमारत जुनी असेल, तर कोठेतरी तांबूस रंगाची एक सरळ रेघ दिसेल आणि थोड्या अंतरावर तिला समांतर अशी दुसरी. कोठे गिलावा फुगलेला असेल, कोठे पोपडा पडून गंजलेली सळई उघडी झालेली असेल.

आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात असाच एक परातीएवढा तुकडा खाली आला. रविवार होता, म्हणून कोणाला लागले नाही. सोमवारी आम्ही तो उचलून पट्टीने मोजला. सळईच्या खाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट असायला हवे होते. ते भरले जेमतेम ६ मिलिमीटर! छत पडले की आपण सिमेंटला नावे ठेवतो. पण येथे दोष सिमेंटचा नव्हता, अंतराचा होता. हे अंतर राखण्याचे काम ज्या चिमुकल्या वस्तूकडे असते, तिची ही कथा आहे. बांधकामावर तिला ‘कव्हर ब्लॉक’ म्हणतात.

सळई नेमकी कोठे हवी?

स्पंजचा एक लांबट, जाड तुकडा घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा. तो दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवून मध्ये बोटाने दाबा. रेघा वरच्या अंगाला जवळ येतील आणि खालच्या अंगाला फाकतील. म्हणजे वर दाब आणि खाली ताण. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये हेच घडते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे दहावा हिस्साच. म्हणून ताणाच्या बाजूला, म्हणजे स्लॅबच्या तळाशी, पोलादी सळया घालतात. समजा, स्लॅब १२० मिलिमीटर जाड आहे आणि सळईचा मध्य वरच्या पृष्ठभागापासून ९५ मिलिमीटरवर आहे. तीच सळई चुकून २० मिलिमीटर वर राहिली, तर स्लॅबची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते. पोलाद तेवढेच, सिमेंट तेवढेच. फक्त जागा चुकली!

भिंतीबाहेर आलेल्या गॅलरीत परिस्थिती उलटी असते. तेथे ताण वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळयाही वर. काँक्रीट टाकताना माणसे त्यांवरून चालली आणि सळया ५० मिलिमीटर खाली दबल्या, तर गॅलरीची ताकद निम्म्याहूनही कमी होते.

अर्धे अंतर, चौथाई आयुष्य

मग सळई अगदी तळालाच का टेकवू नये? कारण ती गंजेल. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबाराच्या वर असतो. अशा तीव्र अल्कलीत पोलादावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो त्याचे रक्षण करतो. परंतु हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि अल्कलीचा जोर मोडतो. सामू ९ च्या आसपास उतरला, की सळईचे कवच नाहीसे होते आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. तो आतून रेटतो, काँक्रीट फुटते आणि छतावर ती तांबूस रेघ उमटते.

येथे गणित मोठे गमतीचे आहे. कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला, हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. समजा, एखाद्या काँक्रीटमध्ये त्याला २० मिलिमीटर जायला ४० वर्षे लागतात. तर १० मिलिमीटर जायला किती? २० वर्षे म्हणाल, तर चुकाल! उत्तर आहे १० वर्षे. अंतर निम्मे झाले, की संरक्षणाचा काळ एक चतुर्थांश होतो.

म्हणूनच भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत आडोशाच्या जागी साधारणपणे २० मिलिमीटर, तर समुद्रकाठच्या हवेत ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. ते १० मिलिमीटरपर्यंत जास्त झाले तर चालते. कमी झालेले मात्र मुळीच चालत नाही.

हलक्या काँक्रीटची गोष्ट

नेहमीचे काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम भरते. उंच इमारतीत स्लॅबचे स्वतःचेच ओझे खांबांना जड होते. यावर उपाय म्हणजे खडीऐवजी सच्छिद्र, हलके दाणे वापरणे. रोमच्या पँथिऑनचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला घुमट वरच्या भागात प्यूमिस या ज्वालामुखी दगडाने हलका केलेला आहे. आज भट्टीत फुगवलेली चिकणमाती किंवा वीजकेंद्रातल्या राखेचे भाजलेले गोळे वापरतात. असे काँक्रीट घनमीटरला १८०० किलोग्रॅमच्या आसपास बसते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातली ‘वन शेल प्लाझा’ ही १९७१ साली पुरी झालेली २१८ मीटर उंच इमारत हलक्या काँक्रीटचीच आहे. तिचे रचनाकार होते ढाक्याचे फजलूर खान.

आता आर्किमिडीजला बोलवू या. पोलादाची घनता ७८५०. ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेल्या सळईवर प्लावक बल काम करते. साध्या काँक्रीटमध्ये तिचे उरलेले वजन ७८५० वजा २४००, म्हणजे ५४५० च्या प्रमाणात. हलक्यात ७८५० वजा १८००, म्हणजे ६०५० च्या प्रमाणात. हलक्या काँक्रीटमध्ये सळई सुमारे ११ टक्के अधिक जड भासते! खालून आधार नसेल, तर ती तळाकडे जाणारच.

दाण्यांचे मात्र उलट. साधी खडी सिमेंट-वाळूच्या मिश्रणापेक्षा जड, म्हणून फार हलवल्यास खाली बसते. हलके दाणे मिश्रणापेक्षा हलके, म्हणून तरंगून वर येतात. यासाठी व्हायब्रेटर फार वेळ चालवून भागत नाही. थोड्याच हलवण्याने काँक्रीट सळईखाली नीट शिरावे, तर तेथली फट मोकळी आणि दाण्यापेक्षा रुंद हवी. शिवाय हे दाणे सच्छिद्र असल्यामुळे युरोपीय संहितेत हलक्या काँक्रीटसाठी किमान आवरण ५ मिलिमीटरने वाढवले आहे.

प्लास्टिकचा ठोकळा: गुण आणि दोष

पूर्वी सळईखाली दगडाची चीप सरकवत. आजही काही ठिकाणी सरकवतात. पाय लागला की ती निसटते. सिमेंटचे ठोकळे चांगले. पण जागेवरच घाईने पाडलेले असले, तर एक २० मिलिमीटरचा, दुसरा १५ चा, तिसरा कच्चा. साच्यातून निघालेला प्लास्टिकचा ठोकळा मात्र प्रत्येक वेळी त्याच मापाचा असतो आणि सळईला चिमट्यासारखा घट्ट बसतो.

तो घट्ट बसणे महत्त्वाचे आहे. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ९००, म्हणजे १८०० च्या निम्मी. १० घनसेंटिमीटरच्या सुट्या ठोकळ्याचे वजन ९ ग्रॅम. तो बाजूला सारतो १८ ग्रॅम काँक्रीट. बुचासारखा तो वर येऊ पाहील!

दोषही समजून घ्या. प्लास्टिकला सिमेंट चिकटत नाही. तापल्यावर ते काँक्रीटच्या सुमारे दहापट प्रसरण पावते. त्यामुळे दोहोंमध्ये बारीक फट पडून पाण्याला थेट सळईपर्यंत वाट मिळू शकते. म्हणून हे ठोकळे भरीव न करता जाळीदार करतात; काँक्रीट त्यांच्या भोकांतून आरपार जाऊन त्यांना जखडून ठेवते. आगीत हे प्लास्टिक १६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. जेथे आगीचा किंवा खाऱ्या पाण्याचा धोका मोठा, तेथे सिमेंटचेच, पण कारखान्यात दाबून केलेले ठोकळे बरे.

पायांचाही विचार लागतो. छत खालून स्वच्छ दिसावे म्हणून पाय टोकदार ठेवतात. पण खाली थर्मोकोलसारखा मऊ थर असेल, तर टोके त्यात रुततात आणि राखलेले अंतर नाहीसे होते. तेथे पसरट बुडाचे ठोकळे हवेत. शेवटी जाळीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा भार या पायांवरच येतो.

नीट राखलेले अंतर काय करू शकते, याची साक्ष एक जहाज देते. अमेरिकेत हलक्या काँक्रीटचे ‘सेल्मा’ हे जहाज २८ जून १९१९ रोजी पाण्यात उतरले. पुढे त्याला भगदाड पडले आणि १९२२ साली ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात बुडवण्यात आले. अनेक दशकांनी तपासले, तेव्हा जेमतेम १६ मिलिमीटर आवरणाखालच्या त्याच्या सळया बऱ्याच शाबूत निघाल्या. काँक्रीट हलके होते, पण घट्ट होते आणि सळया आपल्या जागी होत्या.

तुमच्या गल्लीत एखाद्या घराचा स्लॅब टाकायचा असेल, तर आदल्या दिवशी मोठ्या माणसाबरोबर, विचारून, ती सळयांची जाळी पाहून या. साधारण मीटरभराच्या आत सळईखाली ठोकळा आहे ना? गॅलरीच्या वरच्या सळया खालून उचलून धरल्या आहेत ना? जाळीवरून चालायला फळ्या टाकल्या आहेत ना? नसतील, तर घरमालकाला तसे नम्रपणे सांगा. काँक्रीट पडले, की ते अंतर दिसेनासे होते. पुन्हा दिसते ते छताचा पोपडा पडल्यावरच. आमच्या व्हरांड्यातला तो तुकडा आता भौतिकीच्या कपाटात पट्टीसह ठेवला आहे.