मासळीच्या टाकाऊ भागांतून इंधनवायू

कोकण किनाऱ्यावरील गावांत मासळी साफ करताना निघणारी डोकी, आतडी व कल्ले पुष्कळदा किनाऱ्यावरच टाकली जातात. त्यामुळे दुर्गंधी पसरते, माश्या वाढतात. वस्तुतः या टाकाऊ द्रव्यापासून चुलीसाठी वायू मिळू शकतो.

गोबर गॅस आपल्या खेड्यांना परिचित आहे. हवाबंद टाकीत जिवाणू सेंद्रिय द्रव्य कुजवितात व मिथेनयुक्त ज्वलनशील वायू निर्माण होतो. मासळीत प्रथिने व स्निग्धांश विपुल असल्याने तिच्यापासून तेवढ्याच वजनाच्या शेणापेक्षा अधिक वायू मिळतो. परंतु अडचणही तेथेच आहे. प्रथिनांतील नत्राचा अमोनिया होतो, स्निग्धांशामुळे आम्ले साचतात आणि मिथेन निर्माण करणारे जिवाणू दुर्बळ होतात. म्हणून केवळ मासळीवर संयंत्र चालवू नये.

टाकी प्रथम शेणकाल्याने भरावी. वायू नियमित जळू लागल्यावर बारीक केलेले अवशेष थोडे थोडे मिसळावेत. मासळी खारविल्यानंतरचे मिठाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. ज्योत मंदावल्यास मासळी थांबवून शेण चालू ठेवावे. बाहेर पडणारी मळी खत म्हणून माडांना घालता येते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या काळात शेण पुरविले नाही, तर संयंत्र निकामी होते. दळणवळणाची सोय नसलेल्या गावी दुरुस्तीस कारागीरही लवकर मिळत नाही. म्हणून रोज अवशेष कोणी गोळा करावेत, शेण कोठून आणावे आणि टाकी कोणी भरावी, हे ग्रामपंचायतीने बांधकामापूर्वीच ठरविणे अगत्याचे आहे.