ख्रिस्तपुराणाचें श्रवण आणि त्याच्या प्रती

रोमन लिपींत लिहिलेली, पहिलें पान गेलेली एखादी ओवीबद्ध पोथी संग्राहकाच्या हातीं आली, तर ती पोर्तुगीज कागद समजून बाजूस टाकली जाण्याचा संभव फार. तीच ख्रिस्तपुराणाची प्रत असूं शकते. हा ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ ह्या सालीं तीन वेळां छापला गेला. परंतु त्या छापांपैकीं एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं. आपण जें पुराण वाचतों तें केवळ हस्तलिखितांनीं राखलेलें आहे, आणि हीं हस्तलिखितें कां निर्माण झालीं हें समजण्यास तें पुराण ऐकणारे कोण होते हें आधीं पाहिलें पाहिजे.

ग्रंथकर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. तो १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं वारला. मधला बहुतेक काळ त्यानें गोमांतकांतील साष्टी महालांत घालविला. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते असें नमूद केलें. विल्यम जोन्सचें प्रसिद्ध व्याख्यान ह्यानंतर दोनशें वर्षांनीं, १७८६ सालचें, हें संस्कृतज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईलच.

साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडण्यांत आलीं आणि जुन्या पोथ्या बाळगण्यास मनाई झाली. नवख्रिस्ती कुटुंबांतील मुलांकडून धर्मतत्त्वांचीं प्रश्नोत्तरें पाठ करून घेतलीं जात. पण सांजवेळीं, सणावारीं वा दुखवट्यांत ज्या कथा घरांत चालत, त्यांची जागा प्रश्नोत्तरांनीं कशी भरावी? पुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत एक ब्राह्मण पाद्रीगुरूस हेंच विचारतो: आमचीं पूर्वींचीं पुराणें नेलींत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं कां देत नाहीं? ग्रंथाचा जन्म ह्या प्रश्नांतून झाला अशी कवीनें योजना केली आहे. ही पोकळी पाडणारी सत्ता व ती भरणारा कवि एकाच पक्षाचे होते, हें विसरून ह्या काव्याची स्तुति करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. पण काव्याची योग्यता त्यामुळें कमी होते असेंही नव्हे.

पुराणाचे भाग दोन, अवस्वर ९५ व ओव्या सुमारें अकरा हजार. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. परमेश्वर, मुक्ति हे शब्दही ऐकणाऱ्याच्या ओळखीचेच. उलट, चर्चच्या संस्कारांचीं नांवें बहुधा पोर्तुगीजच ठेवलीं आहेत. ओवीस गायकाची गरज नाहीं व विद्वत्तेचीही नाहीं. ऐकतां ऐकतां ती तोंडीं बसते. आमच्या मतें ह्या धर्माचा खरा उपदेशक, व्यासपीठावरील पाद्रयापेक्षांही, घरांत ओव्या म्हणणारें वडील माणूस झालें असलें पाहिजे. ही रीति जेझुइटांनीं आपल्या कल्पनेनें काढली नाहीं. पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथांचीं रोमन लिपींतील हस्तलिखितें आहेत. त्यांवरून पाद्री ह्या कथा कसोशीनें वाचीत होते हें उघड होतें.

लिपीचा प्रश्न संग्राहकांस विशेष महत्त्वाचा. देशी अक्षरांत ग्रंथ छापावे अशी स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रांत तो अडचण सांगतो, ती अशी कीं, युरोपांत २४ अक्षरांवर काम भागतें, येथें जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें सांचे लागतील. म्हणून रोमन छाप निघाला. त्यांत मूर्धन्य वर्ण दाखविण्यास अक्षर दुप्पट केलें आहे. ळ साठीं दोन एल. ह्यामुळें त्या काळच्या उच्चाराची साक्ष देवनागरी पोथीपेक्षां येथें कित्येकदां अधिक स्पष्ट मिळते.

देवनागरी प्रतही आहे. विल्यम मार्सडेनच्या संग्रहांतून ती लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेंत गेली व जस्टिन ॲबट ह्यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या पादांत तिकडे लक्ष वेधलें. तिची भाषा अधिक संस्कृतप्रचुर असून पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. ॲबट हीच मूळ मानीत. १६०८ च्या पत्रावरून देवनागरी प्रती हातानें फिरत असाव्या हें संभवनीय ठरतें. पण तेवढ्यावरून मार्सडेनची प्रत जुनी, असें सिद्ध होत नाहीं. नंतरच्या कोणा पंडितानें भाषा शुद्ध केली असेल, ही शंका उरतेच.

१६८४ सालीं व्हाइसरॉयनें स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकण्याचा हुकूम काढला. पुराण जगलें तें गोव्याबाहेर, कानडा जिल्ह्यांत स्थलांतर केलेल्या कुटुंबांत. तेथील हस्तलिखितें ताडून जोसेफ साल्दान्हा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास रोमन आवृत्ति काढली. देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू ह्यांनीं १९५६ सालीं पुण्यांत सिद्ध केली.

तेव्हां मंगळूर, कारवार वा साष्टी इकडील जुन्या घरांतून असें बाड आल्यास प्रथम 'अवस्वर' हा शब्द, ओव्यांचे अंक आणि दुप्पट अक्षरें शोधावीं. पानांवरील मेणाचे डाग व कडेच्या खुणा पुसूं नयेत. कोणता भाग वारंवार वाचला जाई, हें त्यांवरूनच कळतें.