गोठ्यातील जीप

आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या जमिनीत ज्याने दोन पावसाळे काढले आहेत, त्याला चारही चाकांनी जोर लावणाऱ्या गाडीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. दोन दमदार सरी पडल्या की शेतवाटेचा चिखल चाकाला लपेटतो आणि भरली बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतून बसते. पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या गावी याच वाटांवर धावलेली एक जीप १९९७ सालापासून गोठ्याच्या टोकाशी उभी होती. तिच्या आसनांखाली कोंबड्या अंडी घालीत आणि मागच्या बाकांवर सरकीची पोती रचलेली असत. भंगारवाला दर उन्हाळ्यात येऊन भाव सांगून जाई.

ती विकली गेली नाही, याचे कारण प्रेम नव्हे. गाडी आमच्या तीर्थरूपांच्या नावावर होती. त्यांच्या पश्चात १९९९ साली वाटणी झाली. शेत, विहीर, बैल, भांडीकुंडी या साऱ्यांचे दोन भाग पडले. जीपचे भाग कोण पाडणार? पुढे एका बांधावरून थोरल्या बंधूंशी वितुष्ट आले आणि समोरासमोरच्या दोन घरांतील बोलणे थांबले. गाडी कोणाचीच नाही म्हणून तिथेच राहिली.

२०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या माझ्या कन्येने, ‘बाबा, ही आपणच दुरुस्त करू या’, असा आग्रह धरला. आठवीतला चिरंजीव तिला सामील झाला. सौभाग्यवतीने पोती हलवून कोंबड्यांची सोय लावली. तीर्थरूपांच्या वेळी गाडीची देखभाल करणारे आदिलाबादचे मिस्त्री आता सत्तरी ओलांडलेले. ते रविवारी येऊन खुर्ची टाकून बसत आणि उर्दूमिश्रित मराठीत हुकूम सोडीत.

ही गाडी मुळात युद्धाचे अपत्य. दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकी कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४७ साली मुंबईत तिची जुळणी सुरू केली. आमची गाडी नंतरच्या, सीजे-३बी या जातीची, १९६८ सालची. हिचे बॉनेट उंच दिसते, त्याला कारण आहे. इंजिनात पेट्रोल व हवा आत घेणारी झडप वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारी झडप खालच्या ब्लॉकमध्ये असते. या रचनेने इंजिनाची ताकद वाढली, तशीच उंचीही वाढली. गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो, दुसऱ्याने गती कमी होऊन ओढ वाढते. चिखलातील सारी किमया त्या दोन दांड्यांत आहे.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी जोडून एकदम फिरविण्याचा मोह अनेकांना होतो. मिस्त्रींनी तो पहिल्याच दिवशी मोडून काढला. आत गंज धरलेला असला तर पिस्टनच्या रिंगा मोडतात. आम्ही चारही प्लग काढून सिलिंडरांत डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस मुरू दिले. त्यानंतर इंजिन हाताने, सावकाश हलवायचे. त्यासाठी पुढून लावायचे हँडल हवे; आणि ते हँडल वाटणीच्या गडबडीत दादांच्या घरी राहिले होते.

दुसरे हँडल मिळाले असते, नाही असे नाही. परंतु मी काही बोलण्यापूर्वीच कन्या रस्ता ओलांडून गेली. दादा ओसरीवर होते. ते काही बोलले नाहीत. वहिनींनी माळ्यावरून, जुन्या गोणपाटात गुंडाळलेले हँडल काढून दिले. त्याला तेल लावलेले होते. इतकी वर्षे ते कोण लावीत होते, हे कन्येने विचारले नाही. मीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिन बोटभर हलले. त्या दिवशी घरात गोडाचे झाले.

पुढचे काम चिकाटीचे होते. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती उतरवून आत बारीक खडी घालून दोन्ही मुलांनी आळीपाळीने हिंदकळली, तेव्हा ओंजळभर गंज निघाला. कार्बोरेटर उकलताना प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने निघाला, हे चिरंजीवाने वहीत चित्र काढून नोंदविले. जोडताना ती वहीच आमची पोथी झाली. रबराच्या नळ्या सगळ्या बदलल्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला खाते आणि ओलावाही ओढून घेते. म्हणून अशा गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये.

ब्रेकच्या बाबतीत मिस्त्री कठोर होते. इंजिन चालू होण्याची घाई सर्वांना असते. पण गाडी थांबत नसेल तर ती चालूच नये, असे त्यांचे म्हणणे. मास्टर सिलिंडर व चारही चाकांचे सिलिंडर नवे रबर घालून बसविले. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसांना घातक; म्हणून फुंकर न मारता ओल्या फडक्याने पुसली. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरायचे नाही, आधी भक्कम ठोकळे लावायचे, हाही नियम होता.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी सारे जुळले. पॉइंट साफ, ठिणगी निळी. कन्येने आसनावर बसून चोक ओढला, मी हँडल मारले. सातव्या वेळी इंजिन धडधडले आणि गोठा धुराने भरला. आवाज मात्र लंगडा होता. आम्ही कान देऊन उभे असताना पाठीमागून शब्द आले, ‘‘तिसरा चुकतोय.’’ दादा गोठ्याच्या दारात उभे होते. तिसरा प्लग काढला. तो तेलाने भिजलेला होता. प्लग बदलला, आणि आवाज सरळ झाला. दादा तसेच परत गेले.

दसऱ्याला झेंडूची माळ घातली, पण रस्त्यावर नेली नाही. कागद बाकी होते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणी करून दर पाच वर्षांनी करावे लागते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ सालापासून वेगळी नोंदणी आहे, पण तशी गाडी नेहमीच्या कामाला वापरता येत नाही. आम्हांस ती शेतात हवी होती. आणि मालक दिवंगत असल्याने वारसांची संमती आवश्यक होती. ते कागद घेऊन मी स्वतः गेलो. दादांनी चष्मा लावला, प्रत्येक ओळ वाचली. म्हणाले, ‘‘नाव तुझेच लाव. मात्र केसलापूरच्या जत्रेला आम्हांलाही ने.’’

तीर्थरूप दरवर्षी पौष अमावास्येला नागोबाच्या जत्रेस याच गाडीतून अर्धे गाव नेत असत. कागद हाती पडेपर्यंत ती अमावास्या टळली होती.

बांधाचा वाद मिटला आहे, असे मी लिहिणार नाही. तो अजून आहे. गाडी मात्र चालते, आणि दादांच्या शेतातला कापूसही तिच्यातूनच घरी येतो. हँडल आता गाडीतच असते.