गाडीचे नाक उंच केले, पण चाकांचे काय?

घरच्या व्हॅनमध्येच पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून सहकुटुंब सफरीला निघण्याची हौस आता आपल्या घरांतही आली आहे. हिवाळ्यात कुंभारगाव-भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायचे, इंदापूरला चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्याला जायचे, मुलांनी गाडीतच झोपायचे. हौस चांगली आहे. हॉटेलच्या खर्चातून सुटका होते, वजूला पाणी जवळ असते, अम्मी-दादींना पाठ टेकता येते. मात्र या गाड्यांना आता बाहेरून एक काळी नळी बसवून घेण्याची टूम निघाली आहे. बोनेटच्या बाजूने निघून ती काचेच्या कडेने थेट छतापर्यंत जाते. तिला स्नॉर्कल म्हणतात. ती बसवली की ओढा, पूर, काही अडत नाही, असा समज आहे. आम्ही हा लेख लिहितो आहोत तो या समजासाठी.

आधी नळीचे खरे काम पाहू. इंजिनाला डिझेलइतकीच हवा लागते. साध्या गाडीत हवा बोनेटखालून आत जाते. पाणी तेवढे चढले की हवेबरोबर तेही सिलिंडरमध्ये ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी संपते. हवा छताच्या उंचीवरून घेतली तर हा धोका टळतो. आमच्या मते आपल्या भागात तिचा दुसरा फायदाच जास्त उपयोगी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे धुळीचे लोट उठतात. छताजवळची हवा त्या मानाने स्वच्छ असते, त्यामुळे एअर फिल्टर लवकर तुंबत नाही.

बसवताना मडगार्डच्या पत्र्याला मोठे भोक पाडावे लागते, म्हणून मिस्त्री हाताचा सरावलेला हवा. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग हवाच. फिल्टरच्या डब्याला खाली पाणी निथळण्याचे छिद्र असते. ते उघडे राहिले तर छतापर्यंतची नळी व्यर्थ, कारण पाणी तिथूनच आत येणार. प्रत्येक जोड हवाबंद झाला की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. इंजिन मंद चालू ठेवून नळीच्या तोंडावर क्षणभर सपाट फळी धरायची. इंजिन गुदमरले पाहिजे. ते मजेत चालत राहिले, तर हवा कुठून तरी चोरून येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल. शिवाय गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगलाही श्वास घेण्याच्या बारीक नळ्या असतात. त्या वर नेल्या नाहीत तर तापलेल्या हाउसिंगवर गार पाणी पडताच आत पाणी खेचले जाते आणि तेलाचे दूध होते.

एवढे सगळे नीट झाले तरी गाडी होडी होत नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच फोर्स मोटर्सची गुरखा ही गाडी कारखान्यातूनच स्नॉर्कल लावून येते. तिच्या नाकाचे तोंड छताशी आहे, तरी कंपनी पाण्यातून जाण्याची मर्यादा 700 मिलिमीटर सांगते, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. ही मर्यादाही संथ पाण्याची समजावी. तिचे नाक छतापाशी असूनही आकडा छताचा नाही.

याचे कारण वजनात आहे. पाच मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद व्हॅन घ्या. तिच्या तळाच्या वर फूटभर पाणी चढले आणि ते आत शिरले नाही, तर पाणी तिला अडीच टनांहून जास्त रेट्याने वर उचलते. चाकांवर मग वजनच उरत नाही. त्यात व्हॅनची सपाट उंच बाजू, तिच्यावर वाहत्या पाण्याचा आडवा धक्का. चालकाला स्टिअरिंग हातात आहे असे वाटत असते, गाडी मात्र कठडा नसलेल्या फरशी पुलावरून सरकू लागलेली असते. आणि मागे मुले झोपलेली असतात.

आपल्या भागाला हे नवे नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीनंतर बारामतीत कऱ्हेला पूर आला. ऑक्टोबर 2020 मध्ये इंदापूर तालुक्यातले ओढे रस्त्यांवरून वाहिले. मे 2025 मध्ये पावसाळ्याआधीच पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. या पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे कोणत्याही नळीतून दिसत नाही.

आमचा अनुभव असा की, परत फिरण्याची लाज बहुतेक वेळा स्टिअरिंगवर बसलेल्यालाच वाटते. बीवी किंवा अम्मी मागून "थांबा" म्हणाली, तर तो शब्द अखेरचा मानावा, हे निघण्यापूर्वीच घरात ठरवून घ्यावे. उंट बांधून मग तवक्कुल करायचा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. घरासारखी गाडी सोबत असताना थांबायला अडचण तरी कसली? चहा होतो, नमाज होते, आणि लहान ओढ्याचे पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरते.

कागदांचेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सीट काढून पलंग बसवणे त्यात येऊ शकते. म्हणून कामाला हात घालण्याआधी बारामतीच्या एमएच 42 कार्यालयात लेखी विचारावे. इंदापूरच्या गाड्याही तिथल्याच. विमा कंपनीलाही बदल कळवावा. पाण्याने इंजिन गेले तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. आधी माणसे उतरवावीत, पाणी उतरल्यावर गाडी ओढून गॅरेजला न्यावी.